पहिला रणगाडा आणि मंदाचा ववसा

मासा घ्यायचा तर आधी कल्ला उघडून बघावा, मग अंगठ्यानं पाठ दाबावी, आणि मगच भाव विचारावा. हे मला चालायच्या आधी येत होतं असं आमची आये म्हणायची. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं मास्तरांनी माझा नाद सोडला आणि मी त्यांचा. पण खाडीतलं काहीही विचारा. भरती कधी लागेल, चिंबोरी भरलेली की पोकळ, कुठल्या चिखलात निवटी दडलीय, मी लांबून सांगायचो. त्यामुळं डोक्यात एक हवा शिरली होती की निवडण्यातलं आपल्याला कळतं. वस्तू कुठलीही असो, हातात घेतली की तिचा जीव आपल्याला समजतो. त्या वेळी मी विशीत होतो, नवीन लग्न झालेलं, करावे गावात आमच्या गल्लीत माझ्याइतका बोलका दुसरा कोणी नव्हता. जे बोललो त्याची लाज मला फारशी नाही. जे बोललो नाही त्याची आहे, आणि तेच लिहायला बसलोय.

आमचं घर दोन खोल्यांचं, कौलांचं, पुढं पडवी. मागचं दार उघडलं की खाडीचा वास आत यायचा आणि पुढचं उघडलं की नव्या शहराची धूळ. भाताची जमीन गेली होती, तिच्यावर भराव पडत होता. नेरूळच्या बाजूला दिवसभर मशीन जमिनीत खांब ठोकायचं. ठाक, मग थोडा वेळ काही नाही, मग परत ठाक. बापूस पडवीत जाळं विणत बसायचा आणि त्याची सुई त्या ठोक्याबरोबर चालायची, त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसावं. जमीन गेल्यापासून तो कमी बोलायचा. घर आये चालवायची. डोक्यावर पाटी घेऊन ती नव्या बिल्डिंगींत मासे विकायला जायची, तीन-तीन जिने चढायची. माझी मोठी बहीण हिराबाय गावातच दिलेली, चार घरं सोडून, त्यामुळं ती दिवसातून चारदा आमच्याकडं आणि चारदा तिच्याकडं. आणि वैशाखात मंदा माझी बायको होऊन आली.

मंदा उरणच्या बाजूची, द्रोणागिरीच्या डोंगराखालच्या गावातली. अंगानं बारीक. बोलणं कमी, पण ऐकायची सगळं. तांदळाची भाकरी अशी थापायची की ताटात ठेवली तर ताटाची नक्षी भाकरीतून दिसावी. पहिल्या महिन्यात आयेनं तिच्या प्रत्येक कामाला नाक मुरडलं. सुकट भाजली तर जास्त भाजली, नाय भाजली तर कच्ची ठेवली. मंदा ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बरोबर तशी करायची जशी आयेला हवी. मग आये म्हणायची, ‘आज बरी झाली, चुकून.’ मंदा पदर तोंडाला लावून हसायची. तिला माझ्याशी थट्टा करायची असली की ती माझ्याकडं न बघता भिंतीशी बोलायची, ‘काही मानसांना जेवताना आपलं ताट सोडून दुसऱ्याचं ताट दिसतं.’ ती गेली त्याला आठ महिने झाले. सूनबाई भाकरी चांगली करते, मी तिला नावं ठेवणार नाही. पण आता भिंत काही बोलत नाही.

आयेच्या गिऱ्हाइकांत नेरूळचे एक सबनीस साहेब होते. मुंबईहून इकडं फ्लॅट घेऊन आलेले, नोकरीतून निवृत्त. पूर्वी लष्कराच्या वर्कशॉपात वायरलेसचे सेट दुरुस्त करायचे. घरात बायको, आणि एका खोलीत नुसत्या तारा, पेचकस आणि उघडे पडलेले रेडिओ. आयेची पाटी उतरवायला मी कधी बरोबर जायचो तर साहेब मला त्या खोलीत बोलवायचे. त्यांना मासा आवडायचा पण कळायचा नाही, मी त्यांना पापलेट निवडून द्यायचो. बदल्यात ते मला काहीतरी उघडून दाखवायचे. त्यांच्याकडं मी पहिल्यांदा रेडिओवर चालणारी गाडी बघितली. हातात एक डबी, डबीला लांब तार, आणि गाडी लांब भिंतीपाशी आपोआप वळते. मधे दोरी नाही, काही नाही. मी गावात येऊन ते सांगितलं आणि सांगताना थोडं वाढवलं. वाढवता वाढवता ती गाडी मीच चालवली आणि मीच दुरुस्त केली असं झालं.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या गणपतीला सीमेवरच्या जवानांचा देखावा करायचं ठरलं. कापसाचा हिमालय, मातीचे जवान, सगळं झालं, पण पलीकडच्या आळीचा देखावा हलता असायचा आणि आमचा दरवर्षी मुका. आमच्या मंडळाचा म्होरक्या दामा. माझ्या वयाचा, आवाज मोठा. तो म्हणाला, आपल्या हिमालयातून एक रणगाडा स्वतःहून चालत आला पाहिजे. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, त्यात काय, मी आणतो. वर्गणीतले पैसे माझ्या हातात आले तेव्हा कुठं ध्यानात आलं की रणगाडा कसा निवडतात ते मला काडीचं माहीत नाही.

मी सबनीस साहेबांकडं गेलो. लाजत गेलो, पण गेलो, आणि या सगळ्या प्रकरणात मी केलेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘मासा कसा घेतोस? कल्ला बघून ना? मग याचाही कल्ला बघायचा.’ आणि त्यांनी मला तासभर बसवून शिकवलं. नवशिक्यानं मोठा रणगाडा घेऊ नये. मोठ्याचं वजन त्याच्या स्वतःच्या दातेरी चाकांना झेपत नाही आणि पहिल्या चढाला दाते झडतात. दिवे लागतात, तोफेतून आवाज येतो, त्यावर भुलू नये. जितकी सोंगं जास्त तितक्या मोडायच्या जागा जास्त. पट्टा हातानं काढता-घालता आला पाहिजे, नाहीतर एकदा सुटला की रडत बसायचं. सेल असे लागणारे घ्यावेत जे आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळतात. दुकानात चालवून बघायचा, पुढं, मागं, दोन्ही बाजूंना. मग चालू असतानाच हातानं दाबून धरायचा, दहा मोजायचे आणि नाकाशी आणायचा. जळका वास आला तर खाली ठेवायचा आणि दुकानातून बाहेर पडायचं. शेवटी डबी घेऊन दुकानाच्या दारापर्यंत चालत जायचं, तिथून त्यानं ऐकलं तर घ्यायचा. ‘हळू चालणारा घे,’ ते म्हणाले. ‘जो हळू चालतो तो तुला शिकू देतो.’ आणि निघताना दारात परत सांगितलं, ‘ओल लागू द्यायची नाही. तुमच्या गावची हवासुद्धा त्याला जड जाईल. कोरड्या ट्रंकेत ठेव, खाली तांदूळ पसर. पाण्याचा थेंब नको.’

मी आणि दामा एस्टीनं खाडीच्या पुलावरून मुंबईला गेलो. फॉरेनचा माल विकणाऱ्या एका बोळातल्या दुकानात तीन रणगाडे निघाले. एक बोकडाएवढा, हिरवागार, तोफेच्या तोंडाला लाल दिवा. दामाचे डोळे तिथंच चिकटले. दुसरा सुटा, डब्यात तुकडे, घरी जोडायचा. तिसरा मातकट रंगाचा, दोन वितींचा, दिसायला अगदी गरीब. मी मोठा उचलला, चालवला, दाबून धरला, दहा मोजले आणि नाकाशी आणला. वास आला. दुकानदार म्हणाला, नवीन मालाला असाच वास येतो. मी म्हणालो, ‘नवीन माशाला वास येत नाही, शेट.’ गरीब दिसणारा उचलला. तो दहा काय, वीस मोजेपर्यंत तक्रार न करता थांबला. पट्टा माझ्या हातानं निघाला आणि बसला. दारातून बोलावला तर आला. दामा वाटेत तोंड फुगवून बसला होता, की माणसं याला खेळणं म्हणतील. मी त्याला म्हटलं, तुला दिसायला रणगाडा पाहिजे की चालायला? मला आजही वाटतं की निवड बरोबर होती. माझ्या आयुष्यात मी दोनच गोष्टी बरोबर निवडल्या, तो रणगाडा आणि मंदा, आणि मंदाला तर खरं आयेनं निवडलेलं.

घरी ट्रंकेत तांदूळ पसरून ठेवला. ट्रंक मंदाची, माहेरून आलेली, तिनं आपल्या साड्या काढून जागा करून दिली. मी रोज दुपारी पडवीत चालवून बघायचो. बापूस जाळ्यावरून मान वर करून बघायचा आणि परत खाली घालायचा. एकदा मात्र म्हणाला, ‘यो होडीवानी वळतंय. मागनं.’ त्यानं एवढं बोलणं म्हणजे मोठी गोष्ट.

आता गणपतीच्या आदल्या दिवसाचं. सगळे मूर्ती आणायला गेलेले. आये आणि हिराबाय बाजाराला. घरात मी एकटा, आणि मला भीती वाटायला लागली. उद्या गल्ली जमणार, पलीकडची आळी येणार, आणि चालला नाही तर? मी ट्रंक उघडून रणगाड्याकडं बघत बसलो. आमच्यात नवी होडी पाण्यात घालायची तर तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडतात, ते पाणी तिच्या तोंडावर ओततात, हळदकुंकू लावतात. त्याशिवाय कोणी पाय ठेवत नाही. माझ्या चुलत्यानं एकदा घाईत नारळ न फोडता होडी काढली आणि ती तिसऱ्या दिवशी खडकाला लागून फुटली, हे मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं. आणि इथं मी एवढं यंत्र आणलं, देवापुढं चालवणार, आणि त्याला साधा नारळ नाही. साहेबांचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण साहेब वर्कशॉपातले आणि मी खाडीतला. मनात म्हटलं, थोडंच ओततो, नुसतं तोंडावर. दाराच्या दगडावर नारळ फोडला आणि ओतलं. थोडं म्हणता म्हणता ते वरच्या फटीतून आत गेलं. मी घाबरून धोतराच्या सोग्यानं पुसलं, कुंकू लावलं, परत पुसलं. आणि वर बघितलं तर मागच्या दारात मंदा उभी, काखेत हंडा. तिनं माझ्याकडं बघितलं, रणगाड्याकडं बघितलं, हंडा ठेवला आणि चुलीकडं गेली. मी रणगाडा परत ट्रंकेतल्या तांदळावर ठेवला आणि तिला म्हणालो, कोनाला सांगू नको. ती म्हणाली, ‘मी कशाला सांगू.’

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आरती झाली. गल्ली खच्चून भरलेली. पलीकडच्या आळीतले हात बांधून मागं उभे. दामानं मोठ्या आवाजात सांगितलं की आता बघा. मी डबीची तार ओढली आणि रणगाडा हिमालयाच्या मागून निघाला. चार हात सरळ आला. लोकांनी ‘हो’ केलं. मग त्याची डावी बाजू थांबली आणि उजवी चालूच राहिली. तो गोल फिरायला लागला. एक फेरी, दोन फेऱ्या, मी डबीवर काहीही दाबलं तरी गोल. त्यानं दोन जवान आडवे केले, कापसाचा अर्धा डोंगर अंगावर ओढून घेतला आणि गणपतीकडं पाठ करून बंद पडला. पलीकडच्या आळीतलं कोणीतरी शांतपणे म्हणालं, ‘रनगाडा कुठं, यो तं घान्याचा बैल हाय.’ आणि मग जे हसणं उठलं ते मला आजही कानात येतं. अजून कधी लग्नात, कधी बसमध्ये अचानक चार माणसं हसली की माझा हात खिशाकडं जातो, जशी तिथं ती डबी आहे.

दामा माझ्यावर आला. कोणी हात लावला याला? दुकानात चालला, पडवीत चालला, मग आता काय झालं? सगळे माझ्याकडं बघत होते. मी एकच वाक्य बोललो. ‘घरात व्हता, ट्रंकेत.’ बस, एवढंच. खोटं नव्हतं. पण घरात म्हटल्यावर माणसांचे डोळे घराकडं वळतात, आणि घरात नवीन कोण होतं? आयेनं मंदाकडं बघितलं. हिराबायनं बघितलं. बायांच्या रांगेतून बायजाकाकी पुढं आली. ही आमच्या गल्लीतली सगळ्यांत मोठी बाई, तिचा शब्द सगळ्या बाया मानायच्या. तिनं विचारलं, ‘पोरी, तू हात लावलास?’ मंदानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी हिमालयाच्या कापसाकडं बघत होतो. मग तिचा आवाज आला, ‘व्हय. धूळ बसली व्हती, ओल्या फडक्यानं पुसला.’

इथं मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ माणूस समजला असता. पण मी गप्प राहिलो नाही. मी सगळ्या गल्लीसमोर माझ्या बायकोला म्हणालो, ‘तुना कोनी सांगितला व्हता हात लावायला?’ आणि म्हणताना माझा आवाज चढला होता. तो आवाज मला कुठून आला, मला माहीत नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. लोकांचं हसणं थांबलं, माझ्यावरची नजर हलली, आणि खरं सांगतो, मला त्या घडीला बरं वाटलं.

आता यात काय गेलं ते बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं गणपतीनंतर गौर येते, आणि लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून ववसा करते. माहेरून सुपं येतात. त्यात पानं, काकडी, फळं, खाऊ भरायचा, हळदीचा दोरा गुंडाळायचा, गौरीपुढं ओवाळायचं आणि मग ती सुपं घरातल्या मोठ्यांना वाटायची. ववसा झाला की सून घरची झाली. तोवर ती पाहुणीच. पण हा पहिला ववसा दरवर्षी होत नाही. गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आली तरच. नाही आली तर नवऱ्या मुली थांबतात, कधी वर्ष, कधी दोन, कधी चार. त्या वर्षी गौर पूर्वात येणार होती. मंदा श्रावणापासून दिवस मोजत होती. बायजाकाकीनं तिथंच सांगून टाकलं, ‘देवाच्या कामाला हिच्या हातानं अडथळा आला. यंदा हिचा ववसा नको.’ बायांनी माना हलवल्या. आये काही बोलली नाही.

सकाळी उजाडल्यावर मी रणगाडा पिशवीत घालून सबनीस साहेबांकडं गेलो. त्यांनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, बोट चाटलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ‘हे कोणी पुसलेलं नाही,’ ते म्हणाले. ‘नारळ फोडलास.’ मी खाली बघितलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, मंदाचं, बायजाकाकीचं, ववशाचं. का कोण जाणे, परक्या माणसाला सांगता आलं. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तो निवून गेला. साहेबांनी स्पिरिटनं सगळं आतून धुतलं, एक तार नव्यानं जोडली, पंख्याखाली वाळवलं. दुपार झाली. मी विचारलं, देऊ काय तुम्हाला? ते म्हणाले, ‘मला काही नको. आणि हा मी तुझ्यासाठी दुरुस्त करत नाही. चालणारा रणगाडा हातात असला की चारचौघांत खरं बोलायला माणसाला सोपं जातं. म्हणून करतोय.’ मी म्हणालो, व्हय साहेब, बोलतो. नेरूळहून चालत घरी येताना मी ते वाक्य पाठसुद्धा करत आलो. नारळ मी फोडला, तिनं नाही. पाच-सहाच शब्द होते.

त्या दिवशी बोललो नाही, कारण दामा रागात होता. दुसऱ्या दिवशी बोललो नाही, कारण रणगाडा चालला आणि दामा खुशीत होता. खुशीत असलेल्या माणसाला कशाला. खरंच चालला तो. हिमालयातून उतरला, जवानांच्या मधून गेला, गणपतीपुढं थांबला, मागं गेला. पलीकडच्या आळीतली माणसं दोन-दोनदा बघायला आली. मला लोक पाठीत थापा मारत होते की बिघडलेला फॉरेनचा माल यानं हातानं दुरुस्त केला. मी तेही खोडलं नाही.

गौर पूजायच्या दिवशी सकाळी माझा सासरा आला. उरणहून निघालेला, दोन बस बदलून, डोक्यावर सुपांचं गाठोडं. नवी कोरी सुपं, पिवळी धमक, आणि अंगात धुतलेला सदरा. त्याला कोणीच कळवलं नव्हतं. कळवायला वेळही नव्हता. पडवीत बायजाकाकी बसलेली, तिनं त्याला सांगितलं, यंदा नाही. का, तेही सांगितलं. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मी समोर खांबाला टेकून उभा होतो. तो माझ्याकडं वळून म्हणाला, ‘जावईबापू, पोरगी लहान हाय. तिच्यावर राग धरू नका.’ एवढं म्हणून त्यानं सुपं भिंतीशी ठेवली आणि पाणीही न पिता उन्हातून परत गेला. मी त्याला नाक्यापर्यंत सोडायलासुद्धा गेलो नाही. पाठ केलेले शब्द तोंडात तसेच होते. त्या माणसाच्या मयताला मी खांदा दिला, पण त्या दिवशी नाक्यापर्यंत गेलो नाही, ते काही खांदा देऊन फिटत नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या बाकीच्या नवऱ्या मुली नटून गौरीपुढं बसल्या. मंदा दिसली नाही. मागच्या खोलीत असेल असं मला वाटलं. मी बाहेर देखाव्यापाशी होतो, माझ्या हातात डबी होती, लोक सारखे परत एकदा, परत एकदा म्हणत होते.

पुढं गौर पूर्वात आली तेव्हा आम्हाला दोन पोरं झाली होती. मंदा नवऱ्या मुलींच्या रांगेत बसली, एक पोर मांडीवर. मुली तिला हसल्या, तीही हसली. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. भांडणं आमची खूप झाली, माझ्या जिभेवरून झाली, माझ्या पिण्यावरून झाली, पण त्यात तिनं हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, घर बांधलं, पोरांची लग्नं झाली. मला वाटायचं, जुनं झालं, विरघळलं असेल.

तिच्या दहाव्याला घरात बाया जमल्या होत्या. रडून झाल्यावर बाया आठवणी काढतात, तशा काढत होत्या. तिची भाकरी, तिचं भिंतीशी बोलणं. आणि हिराबाय डोळे पुसत, प्रेमानंच म्हणाली, ‘आनि तो रनगाडा आठवतंय काय, ओल्या फडक्यानं पुसला व्हता.’ सगळ्या ओल्या डोळ्यांनी हसल्या. सुनांनी विचारलं, कुठला रणगाडा, आणि हिराबायनं त्यांना सगळं सांगितलं. मी उंबऱ्यात बसलो होतो. तोंड उघडलं. परत मिटलं. तिच्या दहाव्यालासुद्धा.

त्यानंतर मला झोप अशी लागली नाही. चार दिवसांनी सकाळी उठून हिराबायच्या घरी गेलो. ती मागच्या दारी कोलंबी सोलत होती. मी उभ्यानंच म्हणालो, ‘बाय, फडका नव्हता. नारळ मी फोडला व्हता त्याच्यावर. मंदानं हातही लावला नव्हता.’ तिनं मान वर केली नाही. एक कोलंबी सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाली, ‘ठाव हाय.’

मला वाटलं मंदानं तिला सांगितलं असेल. ती म्हणाली, मंदानं कधीच नाही. आयेला रणगाडा बंद पडला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ट्रंकेतल्या तांदळाला मुंग्या लागल्या होत्या, आणि ओल्या फडक्याला मुंग्या लागत नाहीत एवढं कोळणीला कळतं. मी विचारलं, मग आये बोलली का नाही? बायजाकाकीला का नाही सांगितलं? हिराबायनं हातातली कोलंबी खाली ठेवली.

‘ती सांगनार म्हंजे तुना गल्लीत उघडा पाडनार. आईच्या हातून होतंय काय ते? तिला वाटलं तू बोलशील. पूजेच्या दिवशी तिनं तुझ्या सासऱ्यानं आनलेली सुपं मागच्या खोलीत नेली. पानं भरली, काकडी ठेवली, दोरा गुंडाळला. मंदाला लुगडं नेसवलं. म्हनाली, माझा पोरगा येवढा वाईट नाय, तो यील आनि सांगल, मग तुना लगेच उठता आलं पायजे.’

मी विचारलं, किती वेळ.

‘गौरीपुढची शेवटची सून उठेपर्यंत,’ ती म्हणाली. ‘दोघी भरलेली सुपं मांडीवर घेऊन बसल्या व्हत्या. दार उघडं ठेवून.’

आणि मी दारापासून वीस पावलांवर, लोकांच्या टाळ्यांत, रणगाडा मागं-पुढं करत होतो.